नारळाच्या वड्यांचा डबा

अल अझीझिया, जेद्दा
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय अख्तरी आपा,

अस्सलामु अलैकुम. तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझी ती मारकी शेळी, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळे ठीक. कादिरची नोकरी चालू आहे, रुकय्याचं शिवण चालू आहे आणि माझं बोलणं चालू आहे. निवृत्त झाल्यापासून वर्गात बसवून बोलायला मुलं उरली नाहीत, त्यामुळे सगळं मुलाला आणि सुनेला ऐकावं लागतं.

हे पत्र सुफियानच्या हाती देते आहे. तो मदिनेतल्या हॉटेलातून सुट्टीवर निघालाय, परवा हर्णैला पोचेल. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

आधी इंग्रजांचं सांगते, म्हणजे माझा राग थोडा निवेल आणि पुढचं नीट लिहिता येईल.

आपल्या कादिरच्या उमामाला तिकडच्या फुटबॉल क्लबने बोलावलं होतं, हे तुला ठाऊक आहे. क्लब फार मोठा नाही, पण मैदान हिरवंगार आहे आणि मुलींना पगार देतात. त्यांचा माणूस इथे जेद्दात येऊन तिचे सामने पाहून गेला. म्हणाला, अशी मधल्या फळीत खेळणारी पोरगी आम्हाला हवीच आहे. मी म्हटलं, बघा, इंग्रजांना एकदाची अक्कल आली. तर नाही. क्लबला हवी आहे, पण क्लबला हवी असून चालत नाही. परदेशी खेळाडूला कामाचं परमिट लागतं आणि परमिटला गुण लागतात. देशाकडून किती खेळलीस, त्याचे गुण. तुझा देश जगात कितवा, त्याचे गुण. कुठल्या लीगमध्ये खेळतेस आणि ती लीग त्यांच्या लेखी किती वजनाची, त्याचे गुण. पोरीच्या पायात काय आहे, त्याचा मात्र गुण नाही.

आता आपल्या पोरीचं बघ. जन्म जेद्दाचा, पण सौदीकडून खेळता येत नाही, कारण पासपोर्ट भारताचा. पासपोर्ट भारताचा, पण भारताकडून खेळली नाही, कारण भारतात तिला कुणी खेळताना पाहिलंच नाही. इथली मुलींची लीग कालपरवा सुरू झालेली, म्हणून तिलाही वजन नाही. सगळीकडून बेरीज करून उमामाच्या हातात आलं ते एवढंच, की मुलगी चांगली आहे, पण कागदावर ती कुणाचीच नाही.

आणि वर तिने इंग्रजीची परीक्षा द्यायची. माझ्या नातीने. जिला मराठी शिकवताना मी रडकुंडीला आले आणि इंग्रजी तर गोवरासारखं आपोआप आलं.

अपवाद म्हणून एक समिती असते म्हणे. क्लबने समितीकडे अर्ज केला. मीही एक पत्र लिहिलं, सिस्टर फिलोमिनांनी छडी हातात घेऊन शिकवलेल्या इंग्रजीत, एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. त्यात स्पष्ट विचारलं, की तुम्ही आमच्या शाळांतून 'फेअर प्ले' शिकवलात तो तुमच्याकडचा संपला का. क्लबच्या बाईंनी उत्तर पाठवलं, अगदी गोड. तुमच्या भावना आम्हाला समजतात, पण समिती नातेवाइकांची पत्रं वाचत नाही. मग समितीनेही नकार दिला. त्यातही दोनदा 'सॉरी' होतं. इंग्रज दोनदा सॉरी म्हणाला की दार आतून लागलंय असं समजावं.

हे झालं इंग्रजांचं.

रुकय्याने परवा सुरमईचं कालवण केलं होतं. इथली सुरमई आपल्यासारखी नाही, पण तिने आईसारखं तिरफळ घातलं आणि घरभर हर्णैचा वास सुटला. तुझी आठवण निघाली. तू लहानपणी माझ्या ताटातला तुकडा उचलायचीस आणि मांजराचं नाव सांगायचीस.

बरं, आता डब्याचं.

तू फोनवर म्हणाली होतीस, इतके गुण कशाला मोजत बसायचे, आपला हाशिर आहे ना बर्मिंगहॅमला. तिकडचा पासपोर्ट आहे, फार्मसीत चांगली नोकरी आहे. निकाह करू, पोरगी बायकोच्या व्हिसावर जाईल, मग तिला परमिट नको, समिती नको, हवं तितकं खेळू दे. मी तेव्हा 'बघू' म्हणाले. माझं बघू तुला माहीत आहे, आपा. तुझ्या नातवाला मी नाही म्हणू शकत नव्हते आणि उमामाला न विचारता हो म्हणू शकत नव्हते. म्हणून बघू.

आणि मग गेल्या महिन्यात मक्केला उमराहला आलेल्या आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर तुझा डबा आला. नारळाच्या वड्या. त्याच दुपारी क्लबचा निरोप आला होता की करार तयार आहे, परमिटचं आम्ही बघतो. घरात ईद. उमामाने डबा उघडला, मला वाटलं तू पोरीच्या कराराचं गोड धाडलंस. तुला आदल्या आठवड्यातच मी सांगितलं होतं ना, निरोप यायचाय म्हणून. तिने वड्या उमराहच्या बायकांना दिल्या, वरच्या मजल्यावर दिल्या, खालच्या वॉचमनला दिल्या, उरलेल्या आपल्या संघातल्या मुलींना नेल्या. डबा घासायला घेतला तेव्हा तळाच्या बटर पेपरखालून अंगठी निघाली.

रुकय्या ओट्याशी उभी राहून नुसती अंगठीकडे बघत होती. मग म्हणाली, "अम्मी, हे तर गोड वाटून झालं."

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल, पण तुला मी काय समजावू. मुलाकडचा गोडाचा डबा मुलीच्या घरात उघडला आणि शेजारीपाजारी वाटला की आपल्याकडे बात पक्की. आणि आम्ही तर मोहल्ल्यातल्याच चार बायकांच्या हातावर वड्या ठेवल्या. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल ते मला इथे बसून ऐकू येत होतं. तू त्यानंतर फोन केलास आणि तारीख विचारलीस, तेव्हा मी म्हटलं, आवाज तुटतोय. पुढच्या वेळीही आवाजच तुटला. आपा, आवाज काचेसारखा स्वच्छ होता. तू मागून शेळीला शिव्या देत होतीस तेही कळत होतं.

आता सांगते. उमामा नाही म्हणते.

पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

समितीचा नकार आला त्या संध्याकाळी कादिरने विषय काढला. त्याला हे स्थळ पसंत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. हाशिरसारखा पोरगा शोधून मिळणार नाही. कादिर म्हणाला, इंग्रजांनी दार लावलं तर लावू दे, घरचं दार उघडं आहे, अंगठी घरात आहे, गोड वाटून झालंय, अजून काय पाहिजे. उमामा बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. नाड्या सोडता सोडताच बोलली, वर न बघता.

"दादी, हाशिर इज नॉट अ व्हिसा."

कादिर म्हणाला, मराठीत बोल.

"हाशिर माणूस आहे, अब्बा. मला तो आवडतो की नाही, हे मला अजून माहीत नाही. त्याच्याशी लग्न करायचं असेल तर हाशिरसाठी करीन. इंग्लंडसाठी केलं तर मी तिकडे रोज त्याच्या तोंडाकडे बघून काय म्हणू?"

तिने हाशिरलाही फोन केला होता, आधीच. आम्हाला न सांगता. तुझा नातू काय म्हणाला, ऐक. म्हणाला, नानीने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण तुला खेळायला मिळेल असं वाटलं. मला कुणी विचारलं नाही की तुला स्वतःला लग्न करायचंय का. मग दोघंही हसले म्हणे. आपा, तुझा हाशिर सोन्यासारखा आहे. तुझ्या मुलीने त्याला वाढवलं, पण तो शहाणपणा तुझा आहे. हे मी तुला खूश करायला लिहीत नाही. खूश करायला मी कुणाला काही लिहिलेलं तुला आठवतं का?

त्या बोलण्यावर कादिर उठून गेला, रुकय्या तिच्या खोलीत गेली आणि मी बसून राहिले. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला तुझं लग्न आठवलं.

तुझ्या नवऱ्याचं नाव मला निकाहच्या दिवशी कळलं. त्याआधी घरात सगळे त्याला कुवेतवाला म्हणत. कुवेतवाल्याचं स्थळ आलंय, कुवेतवाला येतोय, कुवेतवाल्याला भाताची खीर आवडते. तू सोळाची होतीस आणि कुवेतवाल्याला आवडते म्हणून खीर शिकत होतीस. मी तेव्हा कॉन्व्हेंटचा पिनाफोर घालून दारात उभी राहायचे आणि मला वाटायचं, मी शिकतेय, माझं असं होणार नाही. चार वर्षांनी माझ्यासाठी जेद्दावाला आला. दोघंही चांगले निघाले, अल्लाहचे उपकार. तुझ्या नवऱ्याने तुला कधी दुखावलं नाही, माझ्याने मला नोकरी करू दिली. पण आपा, ते चांगले निघाले. आपण त्यांना निवडलं नव्हतं. आपल्याला दिलं गेलं ते व्हिसाला. आत माणूस निघाला, हे आपलं नशीब. तुझा नवरा दोन वर्षांतून एकदा यायचा तेव्हा तू पहिले दोन दिवस त्याच्याशी बोलायला लाजायचीस. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही.

आपल्यापैकी कुणी अशी नाड्या सोडत बसून, खाली मान घालून, पण नाही म्हणाली नाही. ही म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला. तुझ्या नातवाला नकार देताना मला अभिमान वाटला, हे तुला लिहिताना मात्र हात जड झालाय.

मोहल्ल्यात तुझी मान खाली जाईल, हे मला कळतं. तू जमातीत सांगितलं असशील, हाशिरच्या आईने कपडे घेतले असतील. गैरसमज आमच्या घरात झाला आणि मी तो पहिल्याच फोनला मोडला नाही. बायकांनी विचारलं तर सांग, जोहराला कॉन्व्हेंटमध्ये सगळं शिकवलं, डबा तळापर्यंत बघायला शिकवलं नाही. त्यांना ते पटेल. त्यांना माझ्याबद्दल कायमच असं काहीतरी ऐकायचं असतं.

आता शेवटचं, आणि हेच खरं सांगायचं होतं.

उमामाने तिच्या सामन्यांची चित्रफीत भारताच्या निवड समितीकडे पाठवली होती. त्यांनी शिबिराला बोलावलंय, गोव्याला. निवडीचं काही वचन नाही, या आणि खेळून दाखवा, एवढंच. निवड झाली, देशाकडून काही सामने खेळली, तर इंग्रजांच्या त्या बेरजेत काहीतरी जमेल आणि क्लब पुन्हा अर्ज करीन म्हणतोय. नाही झाली, तर इथल्या संघातली तिची जागाही जाईल, कारण हंगाम मध्येच सोडून जातेय. म्हणजे ना इंग्लंड, ना जेद्दा. कादिरने तिला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "अब्बा, ते म्हणतात मी कुणाचीच नाही. जाऊन बघते तरी, कुणाची आहे ते." दुसऱ्या दिवशी कादिर स्वतः जाऊन तिचा बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना, एक्झिट री-एंट्री, काढून आला आणि येताना तिला नवे बूट घेऊन आला. चुकीच्या मापाचे. ते बदलायला दोघं बरोबर गेले.

शिबिराआधी ती हर्णैला तुझ्याकडे येणार आहे. अंगठी मी सुफियानबरोबर पाठवणार होते. ती म्हणाली, नाही दादी, मोठ्या दादीच्या हातात मी देणार. मी समजावलं, तुला बोलणी खावी लागतील. म्हणाली, खाईन. पुढच्या गुरुवारी ती तुझ्या दारात उभी असेल. मी तिला ओळखते, ती आत आल्या आल्या रडणार नाही, उलट ताठ उभी राहील आणि तुला ती उद्धट वाटेल. ती उद्धट नाही. घाबरली की ती ताठ होते. तुझ्यासारखी. आधी तिला जेवायला घाल, मग काय रागवायचं ते रागव. पण उरलेला राग माझ्यासाठी ठेव, मी रमजानआधी फोन करीन आणि आवाज तुटणार नाही.

डबा तिच्याबरोबर येतोय. आईने रिकामा डबा कधी कुणाकडे परत धाडला नाही, मीही धाडणार नाही. तळाशी बटर पेपरखाली अंगठी आहे, जिथे तू ठेवली होतीस तिथेच. वरती मदिनेची अजवा खजूर भरली आहे, सुफियानने स्वतः निवडून आणलेली.

ती मोहल्ल्यात वाट, आपा. त्या चौघींना आधी दे. सांग, अख्तरीची नात देशाकडून खेळायला निघालीय, त्याचं गोड आहे. तू वाटलीस की बात पक्की, हे आपल्यात आहेच. नाही वाटलीस तर मी समजेन, आणि तुझ्यावर माझा राग नसेल. पण मी इथे वाट बघत असेन, त्या चार बायकांपैकी कुणाचातरी फोन येण्याची.

जिच्या ताटातला तुकडा तू न मागता उचलायचीस ती,
जेद्दावाल्याला दिलेली तुझी धाकटी,
जोहरा