औषध उतरण्याआधी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही हाताळलेली यंत्रं आता अडगळीतही सापडत नाहीत. तरी तुम्हालाच लिहितेय, कारण समोरच्या पलंगावर माझी आई आहे आणि मला भीती वाटतेय. तुमची विद्यार्थिनी, रोज नातेवाइकांना ‘घाबरू नका’ म्हणून सांगणारी भूलतज्ज्ञ, आज अतिदक्षता विभागात स्वतःच नातेवाईक होऊन बसली आहे.

परवा फुलंब्रीच्या घरी भाकरी थापताना ती कोसळली. हृदय बंद पडलं होतं. शेजाऱ्यांनी छाती दाबत शहरात आणलं, इथं ते पुन्हा सुरू झालं, पण मधल्या वेळात मेंदूचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून ती व्हेंटिलेटरवर आहे. हृदय इतकं नाजूक झालंय की वेदना झाली तर ते उधळेल आणि औषध जास्त झालं तर बसेल. किडन्याही थकल्यात. म्हणून अफूच्याच घराण्यातलं, पण झटपट उतरणारं औषध पंपातून चालू आहे. तुम्ही म्हणायचात, मॉर्फिन म्हणजे मुक्कामी पाहुणा आणि फेंटानिल चहा घेऊन निघणारा. हे नवं तर चपला न काढता दारातूनच परत फिरतं. तुम्हाला फार आवडलं असतं.

मला तो देवगाव रंगारीचा म्हातारा आठवतो. त्याचं औषध बंद करायला मी हात पुढं करते आणि तुम्ही माझं मनगट धरता.

“आधी त्यांना सांग.”

“सर, बेशुद्ध आहेत ते.”

“बेहोश हैं, बहरे नाही. कान कुठं गेले त्यांचे?” मग तुम्हीच वाकून त्याच्या कानाशी बोलता, “काका, दवा बंद करतोय. जरा दुखंल. मी इथंच हाय.”

मी परीक्षा पास झाले तेव्हा बाकीच्यांनी पेनं दिली, तुम्ही लोखंडी स्टूल दिलं. झटपट उतरणारी दवा देणाऱ्यानं उभं राहू नये, उभा माणूस निघून जातो, असं तुमचं म्हणणं. डबा घेऊन आलेली आई ते ऐकून हसली होती. “हिला बसायला सांगताय व्हय सर? घरी हिचे पाय एका जागी ठरत नाय.” तुम्ही तिचा ठेचा खाऊन डोळे पुसत होतात. लई तिखट झालं का, म्हणून ती घाबरली होती.

त्याच स्टुलावर बसून लिहितेय. झोपेची बाकी औषधं कालच थांबवली, ती उतरलीही असणार. आता फक्त हे एक राहिलंय. दुसरं वेदनाशामक देऊन झालंय, सगळं तयार आहे. तिला बघणारा डॉक्टर, माझ्याच हाताखाली शिकलेला, सकाळी हळूच म्हणाला, “मॅडम, बंद करू या?” मी म्हणाले, रक्तदाब जरा स्थिर होऊ दे. दुपारी तो पुन्हा आला. रक्तदाब स्थिर होता. मी म्हणाले, संध्याकाळी बघू.

मॉर्फिन असतं तर किती बरं झालं असतं, सर. डोळे उघडले नाहीत तरी दिवस दिवस म्हणत राहता आलं असतं, औषधाची गुंगी आहे, उतरेल. हे औषध ती सवलत देत नाही. पंप थांबला की थोड्याच वेळात कळेल, आई झोपली आहे की आई नाही. तिच्या कानाशी वाकून मी दोनदा तोंड उघडलं. ‘आई’ एवढंच निघालं. पुढचं वाक्य तुमचं आहे, ते मला येत नाही असं नाही.

पंपातली सिरिंज संपत आली आहे. मी काही बोलले नसते, तरी ती आपली आपण संपली असती आणि निर्णय झाला असता. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही म्हणून सांगते, त्याच औषधाची दुसरी सिरिंज भरून ठेवायला मघाशी मीच सांगितलंय.