पेट्रोलचा वास आणि माझी पद्धत

सोमवार, ४ मार्च
आमच्या अंगणात उभ्या असलेल्या मामाच्या जुन्या मोटरहोममध्ये पेट्रोलचा वास येतो. मामी म्हणाली, या डब्यात मी पाय ठेवणार नाही. मामा म्हणाला, रविवारपर्यंत वास गेला नाही तर गाडी भंगारात.
भंगारात कशी? मी दिवसभर त्यातच असतो! शाळा सोडल्यापासून घरी पाहुणे आले की विचारतात, मग सध्या काय चाललंय? गाडीत कोणी विचारत नाही.
मामाला ठणकावून सांगितलं, वास मी शोधतो. म्हणजे चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला चिकटवली.
आई म्हणाली, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचार. त्याच्याकडे फार गर्दी असते. आज दोन माणसं होती.

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ८
टेस्ट करायची तर टाकी फुल पाहिजे. कॅन घेऊन पंपावर गेलो. पंपवाल्या ताईंनी काहीतरी विचारलं, मी मान हलवली. कॅन काठोकाठ. सगळं टाकीत ओतलं, अगदी गळ्यापर्यंत. आत वास. छान.
संध्या. ६
दोन सीटच्या मधल्या इंजिनाच्या झाकणाचं रबर बदललं. अंगणात दिवसभर इंजिन चालू ठेवून तपासलं. वास शून्य. केस क्लोज.

बुधवार. सकाळी
टाकी फुल. वास हजर. रबर निर्दोष होतं. गॅसची शेगडी काढून बाहेर ठेवली.
संध्याकाळी
वास गेला. शेगडीच! आई विचारते, शेगडी पेट्रोलवर चालते का. आईला टेक्निकल काही कळत नाही.

गुरुवार
टाकी फुल. वास. पडदे धुतले. संध्याकाळी वास गेला. शेजारच्या आजोबांनी भिंतीवरून विचारलं, हे घुर्रघुर्र अजून किती दिवस? मी सीटखाली बसून राहिलो.

शुक्रवार
वास सकाळी येतो, संध्याकाळी जातो. हवामान असणार.

शनिवार
मामी बघायला आली. खास तिच्यासाठी टाकी काठोकाठ. थोडं बुटावर सांडलं.
मामीने नाक दाबून एकच विचारलं, किती भरलंयस? म्हटलं, फुल. ती थेट आत शिरली, मागच्या बेडची गादी उचलली. खाली टाकीत पेट्रोल जातं तो रबरी पाइप. वरच्या टोकाला चिरलेला. मामीचा हात ओला.
म्हणाली, टाकी जरा रिकामी झाली की पेट्रोल इथवर येतच नाही रे राजा. पाच दिवस तू रोज सकाळी वास भरलास आणि दिवसभर जाळलास.
वेळ दोन मिनिटं. माझ्या पाच दिवसांच्या तयारीचा तिला फायदा झाला. बोलली नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं.

रविवार
मामाने नवा पाइप बसवला. टाकी फुल, वास नाही. गाडी वाचली! मी जिंकलो.
दुपारी मामीने जाहीर केलं, गाडी घेऊन दोघं महिनाभर फिरायला निघणार. उद्याच. हे माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं.
मामी म्हणाली, तूही चल, मागचा बेड तुझा. मनात 'येतो' अगदी तयार होतं. तोंडातून निघालं, इथे बरीच कामं पडलीत.
मामी म्हणाली, बरं.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ७
लवकर उठलो. आरशासमोर 'मी पण येतो' म्हणायची प्रॅक्टिस केली. सहा वेळा. शेवटच्या वेळी आवाज एकदम खणखणीत लागला.
अंगणात आलो. गाडीची जागा रिकामी. फाटक उघडं होतं, आई ते लावत होती.