डाव्या मागच्या चाकावरचा पोचा

मी, आश्रुबा सटवाजी नागरगोजे, वय ६९, पूर्वी परळीच्या वीज केंद्रात फिटर, आता घरी, राहणार परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि दारू मी आयुष्यात प्यालो नाही. मला राग आलेला आहे. पण रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, हे वकिलाला विचारून घेतलं आहे. कंपवातामुळे हात थरथरतो, म्हणून मी सांगतो आहे आणि माझे वीज केंद्रातले जुने सोबती पंडित गित्ते लिहून घेत आहेत. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझी पत्नी वत्सलाबाई चार वर्षांपूर्वी वारली. मागे मुलगा भारत, जो रस्त्यांची ठेकेदारी करतो, आणि मुलगी स्वप्नाली, जी अंबाजोगाईला शाळेत शिकवते. तिसरा वारस कुणी नाही.

२. परळीचं राहतं घर भारतला द्यावं. त्याला कसलीही अट नाही. घर सिमेंटचं आहे, त्याचा कुणी अपमान केलेला नाही.

३. शिरूर कासार तालुक्यातली दोन एकर जमीन दोघांत निम्मी निम्मी. तिच्यात पुन्हा बोअर मारू नये. चार मारून झाले, चारही कोरडे. पाणी असतं तर माझे आईबाप आणि वत्सलाचे आईबाप दर दिवाळीला कोयते घेऊन ऊस तोडायला कशाला गेले असते?

४. हत्यारं स्वप्नालीला. बारीक मापाचा व्हर्नियर तिलाच वाचता येतो. भारतला मी दोनदा शिकवला, दोनदा त्याचा फोन वाजला.

५. आता गाडी. पंडित म्हणतात, हे एवढं सगळं मृत्युपत्रात बसत नाही. बसतं. लिहा.

अठ्ठ्याऐंशी साली टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी 'नाका नंबर नऊ' ही मालिका लागायची. आमच्या कॉलनीत त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. तिच्यातली फौजदाराची काळी ॲम्बेसेडर मला निवृत्तीनंतर करायची होती. एकास आठ प्रमाण, लांबी सव्वाएकवीस इंच. वीज केंद्राच्या स्टोअरमागे साहेबांची जुनी ॲम्बेसेडर सडत पडली होती, तिच्याखाली झोपून मी मापं घेतली. बाकीचं पंडितांकडच्या कॅसेटवर थांबवून थांबवून पाहिलं. तेलाच्या डब्यांचा पत्रा, पितळेच्या पट्ट्या, पाच वर्षं. रंग वाळेपर्यंत केंद्राच्या धुराड्याची राख बसू नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवायचो. दरवाजे उघडतात, वायपर फिरतो. आणि डाव्या मागच्या चाकाच्या वर पोचा आहे. होता.

हा पोचा मालिकेतल्या गाडीला चौथ्या भागापासून शेवटपर्यंत आहे. तो मला दिसला नव्हता, वत्सलाला दिसला. ती तेव्हा म्हणाली, "अवो, गाडीला पोचा हाय की. मागल्या चाकाच्या वर, डाव्या अंगाला." मी म्हणालो, "गप बस, गाड्यातलं तुला काय कळतंय?" पुढच्या गुरुवारी नीट पाहिलं आणि मीच गप बसलो. पोचा नसलेली गाडी ही ती गाडी नव्हे. ती कुठलीही ॲम्बेसेडर.

मागच्या दसऱ्याच्या आधी मी दवाखान्यात होतो. तेवढ्यात भारतने कपाट उघडून ही गाडी पप्पू पेंटरकडे नेली, पोच्यात पुट्टी भरली, वरून रंग मारला, मागच्या काचेवर इथले पुढारी विजयसिंह भाऊसाहेब यांचा फोटो चिकटवला आणि त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून दिली. शिवाय नवी गाडी म्हणून तिची पूजा केली. चारही चाकांखाली लिंबं ठेवून चारचौघांसमोर पुढे ढकलली. अरे, चाक साडेतीन इंचाचं, लिंबू दीड इंचाचं! लिंबू चिरडलं नाही, माझा पुढचा ॲक्सल वाकला. त्यावर टाळ्या वाजल्या.

मी दवाखान्यातून सुटलो तो घरी न जाता भाऊसाहेबांच्या संपर्क कार्यालयात गेलो. गाडी शोकेसमध्ये होती, दोन शाली आणि एका चांदीच्या तलवारीच्या मध्ये. भाऊसाहेब म्हणाले, "काका, खेळण्यापायी इतकं तापायलाव कावून? तसल्या दोन घिऊन देतो." भारत तिथेच उभा होता. म्हणाला, "आबा, पोचा असलेली गाडी कुणी भेट देतं का? लोक म्हणतील, ठोकलेली दिली. मी नीट करून दिली, तर तुमी मलाच बोलायलाव."

मी शोकेस उघडली, गाडी टॉवेलात गुंडाळली आणि रिक्षाने घरी आणली. त्या दिवसापासून भारतशी बोललेलो नाही. एका घरात राहून न बोलणं सोपं नाही, पण मला जमतं.

६. विजयसिंह यांनी माझ्या अंत्यविधीला यायचं तर यावं. भाषण करू नये. कुणी माईक लावला तर खाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या बिभीषणने वायर काढावी. त्याला सांगून ठेवलं आहे.

७. पप्पू पेंटरवर माझा राग नाही, असं लिहा. नको, खोडा. आहे. पोरगा कामाचा आहे आणि तिथेच घात झाला. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पोचा कुठे होता ते लागत नाही.

८. आता जे कुणालाच माहीत नाही ते.

पोचा मी काढलेला नाही. मी हातोडीने तीन पत्रे वाया घालवले. दर वेळी घडी पडायची, पोचा पडायचा नाही. चौथ्या पत्र्याला हातोडी उचलली तेव्हा वत्सला भाकरी टाकून उठली. "सारखं हातोडी, हातोडी. आना हिकडं." पत्रा गुडघ्यावर ठेवला आणि अंगठ्याने एकदाच दाबला. मी माप घेतलं. पडद्यावरचा पोचा सहा इंचाचा धरला होता, भागिले आठ, पाऊण इंच. बरोबर पाऊण इंच. लहानपणापासून कोयता धरून तिचा अंगठा रुंद झाला होता. त्याच अंगठ्याने ती बँकेत निशाणी करायची आणि तिच्यासोबत रांगेत उभं राहायची मला लाज वाटायची.

लोक विचारायचे, पोचा इतका हुबेहूब कसा काढला? मी सांगायचो, हातोडीचे सात ठोके. वत्सला तिथेच चहा देत असायची. भारतनेही सात ठोकेच ऐकले. त्याला वाटलं असेल, बापाने ठोकलं, बाप परत ठोकील. हे मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही, आणि आता तो सगळाच त्याच्यावर नाही.

९. म्हणून गाडी भारतला द्यावी, पुढील अटीवर. माझ्या दहाव्याच्या आत त्याने पुट्टी स्वतः काढावी, पप्पूकडून नाही. चारशे नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून. घाई करू नये, पत्रा पातळ आहे. खाली पोचा शाबूत आहे. मी काढायला बसलो होतो, पण या हाताने पत्रा फाटला असता.

मधून मधून अंगठा लावून पाहावा. भारत, तुझी बोटं आईवर गेली आहेत. अंगठा नीट बसला की थांब. त्यावर पुन्हा रंग मारू नकोस.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याबरहुकूम आहे. मला सही येते. तरी मी विचार करून निशाणी करतो आहे.

ठिकाण: परळी वैजनाथ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. पंडित रामकिसन गित्ते (सही), लिहून घेणार
२. बिभीषण सोपान केंद्रे (सही)

मृत्युपत्र करणार:
आश्रुबा सटवाजी नागरगोजे
निशाणी, डाव्या हाताचा अंगठा