माझ्या वाटचं ऊन

आई, काल मला पंच्याऐंशी पूर्ण झाली. तू गेलीस तेव्हा त्रेसष्टची होतीस, म्हणजे आता मी तुझ्याहून बावीस वर्षांनी मोठी आहे आणि तुला दोन गोष्टी सुनवायचा मला हक्क आहे. पहिली आनंदाची. गेल्या आठवड्यातले रक्ताचे आणि लघवीचे रिपोर्ट स्वच्छ आले. हल्लीच्या डॉक्टरीणबाई वयाने मला नातीसारख्या, त्यांनी कागद पुढेमागे करून विचारलं, "आजी, ल्युपस आणि सत्तर वर्षं? नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की. तुमच्या आईचा जन्म व्हायच्या आधीपासून." इतकी ऐट मी मॅट्रिकच्या निकालालाही केली नव्हती. दुसरी गोष्ट शेवटी सांगेन, तिला जरा धीर लागेल.

तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. कल्याणला पारनाक्याजवळच्या दोन खोल्या, मागे फरसबंद अंगण आणि विहीर, घरात मी आणि माझ्या पाठची चार भावंडं. मी आठवी संपवत आले होते. आधी बोटं दुखायला लागली, सकाळी वेणीची रिबीन बांधता येईना. मग बारीक ताप, केसांचे पुंजके, आणि नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा. वैद्य म्हणाले, वात आहे. शेजारच्या काकू काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्याकडे बोलावणं आलं नाही. महारोगाची कुजबुज तुझ्या कानावर आली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या संध्याकाळी तू पोळ्या अशा आपटून लाटत होतीस की बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "काय पडलं गं?"

कातडीचं दुखणं सूर्यनारायण बरं करतो, असं तुला तुझ्या आईने सांगितलेलं. तू रविवार धरलेस. मी आत्ताही ते अंगण बघते आहे. तू दोन पाट मांडतेस, मधल्या तिसऱ्या पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढतेस, जास्वंद वाहतेस, अर्घ्य देतेस. मग आपण दोघी पूर्वेकडे तोंड करून बसतो, खालची फरशी तापेपर्यंत. धाकट्यांना अंगणात यायची बंदी. तू माझा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळतेस आणि माहेरच्या, रत्नागिरीकडच्या गोष्टी सांगतेस. दुपारी अळणी जेवण, त्या दिवशी मीठ वर्ज्य. आणि सोमवारी मी अंथरुणात.

आमच्या गणिताच्या बाई दिवाळीनंतर एका शनिवारी घरी आल्या, ते मला लख्ख आठवतं. हजेरीपट शाळेबाहेर न्यायची परवानगी नव्हती. त्यांनी तो पदराखाली लपवून आणला होता. मी दाराआड उभी होते.

"तुमच्या मुलीला सोमवार मानवत नाही," बाई म्हणाल्या. "सोमवार-मंगळवार गैरहजर, बुधवारी लंगडत येते, शुक्रवारी बरी असते. सोमवारी माझी चाचणी असते. मला वाटलं, गणित चुकवते."

"चुकवणारी नाही हो ती. पण दुखण्याला वार कळतो होय?"

"तेच विचारायला आले. हे बघा, जून, जुलै, ऑगस्ट, एकही सोमवार चुकलेला नाही. पावसाळ्यात रविवारी तुम्ही वेगळं काय करता?"

तू अगदी सहज म्हणालीस, "वेगळं काही नाही. ऊनच नसतं, मग बसायचं कशात?"

मला दाराच्या फटीतून तुझा चेहरा दिसत होता. मग तू उठलीस, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तुला पाहुण्याला घालवताना पाहिलं. "सूर्यनारायणाच्या उन्हाने माझी पोर आजारी पडते म्हणता? या आता तुम्ही." बाई हजेरीपट पदराखाली घेऊन निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी तू दोन पाट मांडलेस, कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलीस आणि एक उचलून आत नेऊन ठेवलास. "तू आतच बस. तुझ्या वाटचं ऊन मी घेते," एवढंच म्हणालीस. मी सोमवारी शाळेत गेले. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेले. तिसऱ्या सोमवारी शाळा सुटायच्या वेळी तू फाटकात उभी होतीस, हातात नारळाच्या वड्यांचा डबा, आणि बाईंना म्हणत होतीस, "चुकले मी. आता कोणाकडे जायचं ते सांगा."

बाईंनी ठाण्याच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं, त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे माझं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, ल्युपस. नाव तुला कधीच धड उच्चारता आलं नाही, पण रोग तुला माझ्याआधी समजला. डॉक्टर म्हणाले, हा जंतूंचा रोग नाही, कोणापासून आला नाही आणि कोणाला लागणारही नाही. रोगाशी लढणारी शरीराची जी ताकद असते, तीच शरीरावर उलटते, असं आता तिकडचे डॉक्टर म्हणायला लागलेत.

"म्हणजे घरचाच राखणदार घरच्यांना चोर समजून मारतोय," तू म्हणालीस.

"बरोबर. आणि ऊन लागलं की जास्तच पिसाळतो."

"मग हाकला ना त्याला."

"हाकलला तर घर उघडं पडेल. त्याला शांत ठेवायचं. हे दुखणं जाणार नाही, बाई. वर-खाली होत राहील. जन्मभर सांभाळायला लागेल."

तू पदर खोचलास. "पाच पोरं सांभाळते मी. हा सहावा."

डॉक्टर हसले नाहीत. वही बंद करता करता म्हणाले की पुष्कळ मुली फार वर्षं काढत नाहीत. ते ऐकून तू मला घट्ट धरलंस, आणि बाहेर येऊन उसाचा रस पाजलास.

हिवतापाच्या कडू गोळ्या दिल्या तेव्हा तू भांडलीस, हिला हिवताप कुठे आहे म्हणून. दुसऱ्या औषधाने माझं तोंड पुरीसारखं फुगलं आणि नातेवाईक म्हणाले, पोरीने अंग धरलं हो. आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा तू बाबांकडे असं पाहिलंस, जणू तुझ्या रविवारांवर सरकारी शिक्का बसला. ऊन चुकलं, पण अळणी बरोबर होतं, हे तू पुढे वीस वर्षं सांगत होतीस.

बाबांची काळी छत्री घेऊन मी भर हिवाळ्यात शाळेत जायचे. पोरी हसायच्या. "हसू देत, छत्री काही त्यांच्या बापाची नाही," तू म्हणायचीस. मॅट्रिकच्या परीक्षेला ठाण्याचं केंद्र आलं. मार्चचं रणरणतं ऊन, आणि तू स्टेशनपासून शाळेपर्यंत छत्री सगळी माझ्या डोक्यावर धरून स्वतः उन्हातून चालत होतीस, आठही दिवस. मी पास झाले, गणितात वर्गात पहिली. तू पेढे घेऊन मला थेट काकूंच्या दारात नेलंस. काकूंनी तुझ्यापुढे हात केला. तू डबा माझ्याकडे दिलास आणि म्हणालीस, "हिच्या हातून घ्या." त्यांनी पेढा घेतला. तू तिथेच उभी राहिलीस, त्यांनी तो खाईपर्यंत.

पुढे डोंबिवलीच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. राखणदार दोनदा पिसाळला, एकदा थेट मूत्रपिंडांवर गेला. सहा महिने अंथरुणात होते, उठले आणि पुन्हा फळ्यापाशी उभी राहिले. तो अजून आहे. माझ्याबरोबर म्हातारा झालाय. ज्यांनी मला थोडी वर्षं दिली होती, त्यांच्यापेक्षा मी जास्त जगले, हे आज मोठ्याने सांगायला मला फार बरं वाटतं.

आता दुसरी गोष्ट. शेवटच्या दुखण्यात तू माझा हात धरून म्हणालीस, "मीच तुला उन्हात बसवलं गं." मी म्हटलं, तुला कुठे माहीत होतं. पण मला माहीत होतं, आई. तिसऱ्या रविवारीच कळलं होतं. ऊन गालावर आलं की भाजल्यासारखं व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत सांधे धरायचे. हजेरीपटाची मला गरज नव्हती. मी गप्प बसले, आणि तू सगळ्यांना सांगायचीस की पोर देवासाठी किती सोसते. देवासाठी नव्हतं ते. पाच पोरांच्या त्या घरात आठवड्यातून तेवढाच वेळ तुझ्या हाताला दुसरं काम नसायचं, आणि ते हात माझ्या बोटांवर असायचे. हे तुला त्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं असतं तर तू तो दोष बरोबर घेऊन गेली नसतीस. माझ्याच्याने झालं नाही. आता हे पत्र कुठे टाकायचंच नाही, तर खरं ते लिहिते: ते रविवार पुन्हा मिळाले, तरी मी निदान पहिले काही गप्पच बसेन.