ओवाळणीतल्या मेलेल्या नोटा

मयूर,

शलाकाला विमानतळावर सोडायला जातेय. आमटी गॅसवर आहे, गरम करून गिळ.

भाऊबीजेला बल्गेरियाला निघालेल्या बहिणीच्या तबकात तुझ्या तिथल्या फेरीतल्या उरलेल्या नोटा टाकल्यास ना, मोठ्या ऐटीत? सुट्ट्या करायला हवल्लीच्या बाजारात नेल्या, तर पैसे बदलणारा हसला. म्हणाला, "अम्मा, तिथे आता युरो चालतो. या तिथला दुकानदारपण घेणार नाही, बँकेत बदलाव्या लागतात." आणि हेच तू जानेवारीत जेवताना आम्हाला शिकवत होतास!

परक्या मुलखात पोरीची शोभा करणार होतास. तिच्या पर्समध्ये मी माझ्या पैशाचे युरो घातलेत, मयूरनेच बदलून दिले म्हणून सांगितलंय. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तुझ्या नोटा ताटाशेजारी ठेवल्यात. ती फोनवर "थँक्यू दादा" म्हणेल, तेव्हा त्यांच्याकडे बघ.

आई