हादरे बंद झाल्यावर

प्रिय धाकट्या,

आधी घोटभर पाणी पी आणि मग वाचायला बस. तुझ्या गाडीची ती काळी, चकचकीत, कौतुकाची अलॉय चाकं मी काढून टाकली. तीन धडकी आहेत, ती धुऊन पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. चौथं तडकलं. आता चारही ठिकाणी साधी लोखंडी चाकं आणि जाडजूड टायर आहेत, आणि गाडी भाजीच्या टेम्पोची सख्खी बहीण दिसते. हे फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला ओरडला असतास, मग मी ओरडले असते, आणि जे सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून हाताने लिहितेय. झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर वाईट आहे, पण दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून आल्यावर याहून बरं येत नाही.

नोकरीसाठी लांब जाताना तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, आई आता थाटात जाईल दवाखान्यात. तुझा हेतू चांगला होता रे, नाही म्हणत नाही. पण हौसेपायी तू कंपनीची चाकं काढून ती मोठी बसवलीस आणि त्यांच्यावर रिबिनीसारखे पातळ टायर चढवलेस. गुळगुळीत रस्त्यावर तुझं ठीक होतं. इथे दवाखान्याचा रस्ता पाइप टाकायला उकरला तो उकरलाच. बुजवला म्हणतात, पण तो नुसता म्हणण्यापुरता. त्या रस्त्याने दिवसाआड आईला डायलिसिसला न्यायचं, सुया टोचून मशीनला जोडून घेताना बघायचं, परत आणायचं, अंथरुणावर टाकायचं आणि धावत दुकान गाठायचं. आई दारावरची कडी दोन्ही हातांनी धरून बसायची. प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून आई गं निघायचं. मग तिने सुरू केलं, मला नाही त्या गाडीत बसायचं, हाडं खिळखिळी होतात. एकदा तर फाटक धरून उभी राहिली, हलेचना. शेजारच्या वहिनींनी समजावून बसवलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच, गाडीचे हादरे थांबले पाहिजेत, नाहीतर ही एक दिवस खरंच यायची नाही. आणि ती आली नाही तर काय होईल ते तुला वेगळं सांगायला नको.

तू फोनवरून सांगायचास, ताई, हळू चालव, ताई, हवा अमुकच ठेव. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मी हळूच चालवत होते. एवढी हळू, की मागून सायकलवाले घंटा वाजवत होते. शेवटी मीच डोकं लढवलं. टायरमधली थोडी हवा कमी केली. म्हटलं, उशी जरा मऊ केली की टेकायला बरं वाटतं, तसंच हे. आणि खरंच, पहिल्या फेरीला आई म्हणाली, आज जरा बरं वाटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढच्याच फेरीला पाण्याने भरलेला एक खड्डा आला. मला वाटलं डबकं आहे. अगदी जवळ गेल्यावर तो खोल असल्याचं कळलं, घाबरून मी ब्रेक दाबला आणि तसाच दाबून धरून खड्ड्यात घुसले. असा आवाज झाला की आईच मला विचारायला लागली, लागलं का गं तुला? करायला गेले एक आणि झालं भलतंच. आधीच पातळ टायर, त्यात हवा नाही. खड्ड्याची कड सरळ चाकाला जाऊन भिडली.

वरून काही दिसलं नाही. पण रोज सकाळी तो टायर बसलेला. मी रोज पंपाने हवा भरायचे, शेजारी रोज म्हणायचे, व्यायाम छान चाललाय. पंक्चरवाल्याने खिळा शोध शोध शोधला, सापडेना. शेवटी चाक पाण्यात बुडवलं तर बुडबुडे टायरमधून नाही, चाकाच्याच आतल्या काठातून. केसासारखा तडा. तो म्हणाला बदला, पण मला घाई होती. वेल्डिंगवाला म्हणाला, असं जोडून देतो की नव्याला लाजवेल. दिलंन जोडून, आणि थोडे दिवस टिकलंही. मग दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर, भर उन्हात, त्याच जागी उकललं. मी साडी खोचून जॅक लावत होते, नट निघत नव्हते, आणि मला रडू यायला लागलं होतं. आई एका दुकानाच्या सावलीत स्टुलावर बसली होती. दुकानदारीणबाईंनी तिला घोटभर चहा दिला. स्टेपनी चढवून आम्ही पोचलो तेव्हा तिची वेळ गेली होती, नर्सबाईंनी मला फैलावर घेतलं, दुसऱ्या दिवशी पहाटे या म्हणाल्या. मी रागाने धुमसत होते आणि आई मात्र मजेत होती. घरी येताना गाणं गुणगुणत होती, धाकट्या. किती दिवसांनी. मला वाटलं चहाने तरतरी आली असेल.

मग टायरच्या दुकानात गेले. मालक भारी बडबड्या, नट आवळता आवळता फोनवर मेव्हण्याशी भांडतो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ताई, गाडी मिरवायची की चालवायची? मी म्हटलं, म्हातारी आई न्यायची. तर म्हणाला, मग चाक लहान करा आणि टायर उंच घ्या. रबराची भिंत उंच असली की धक्का ती खाते, चाकापर्यंत आणि माणसापर्यंत कमी पोचतो. टायरसकट बाहेरचा घेर मात्र पहिल्याइतकाच राहिला पाहिजे, नाहीतर काटा वेग खोटा दाखवतो. टायरवर वजनाचा आकडा असतो, तो गाडीला पुरेसा हवा. आणि हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी, सकाळी टायर थंड असताना बघून. कमी केलीत की चाक गेलंच समजा. खड्डा आलाच तर ब्रेक आधी दाबायचा आणि आत जाताना सोडायचा. एवढं ज्ञान पाजळून त्याने जे पहिलं चाक चढवलं ते इतकं लहान, की आत ब्रेकला घासायला लागलं! परत काढलं, एक नंबर मोठं आणलं. माझी अख्खी दुपार गेली, माझ्या चष्म्याच्या दुकानातून मालकीणबाईंचे दोन फोन आले. पण बसलं एकदाचं.

काय सांगू तुला, पहिल्या फेरीला मी श्वास रोखून चालवत होते. तोच रस्ता, तेच खड्डे, पण गाडी नुसती डुलत गेली. मागे बघितलं तर आई झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, कडी सुटलेली. मला इतका आनंद झाला, जसा काही रस्ता मीच बांधला! आता झालं, आता ही कुरकुर करणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पुढच्या फेरीलाही झोपली. त्याच्या पुढच्या फेरीला मात्र मी दवाखान्यासमोर गाडी लावली, दार उघडून हात पुढे केला, तर ती जागीच होती आणि उतरेना. मी म्हटलं, आता काय झालं, आता तर हादरे नाहीत ना? तर माझा हात धरून म्हणाली, गाडीचं काही नव्हतं गं. उगाच बिचारीला नावं ठेवली. मलाच जायचं नाही आता. खड्डे होते तोवर तुला सांगायला सोपं होतं.

मी तिच्यावर ओरडले, धाकट्या. दवाखान्याच्या दारात, लोकांसमोर ओरडले. एवढी मरमर कुणासाठी करतेय म्हणाले. त्या दिवशी ती निमूट आत गेली, माझ्यासाठी गेली. मग डॉक्टरांशी एकटीच बोलली. त्यांनी नंतर मला बसवून सांगितलं, आई पूर्ण शुद्धीत आहेत, विचार करून सांगताहेत, त्यांचं ऐकावं लागेल. डायलिसिस थांबवल्यावर थोडेच दिवस मिळतात, त्यात त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू. घरी आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. ताट ठेवायचे आणि निघून यायचे. शेवटी तिनेच मला जवळ बसवलं, माझे केस विंचरले, लहानपणी विंचरायची तसे, आणि म्हणाली, तुझीही दमछाक बघवत नाही, पण ते कारण नाही. मी दमलेय. मी म्हटलं, मीपण दमलेय गं. मग आम्ही दोघी खूप रडलो आणि मग, तुला खोटं वाटेल, हसलोसुद्धा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईने मला शब्द दिलाय. तू येईपर्यंत ती दिवसाआड जाईल, सुया टोचून घेईल, कुरकुर करणार नाही. तू आलास, तुला डोळे भरून बघितलं, की मग न्यायचं नाही. तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. मी गेलोच नाही तर आई जात राहील, असंच ना? रजा मिळत नाही म्हणशील, पुढच्या महिन्यात बघतो म्हणशील. मीही हाच विचार केला, म्हणून इतके दिवस हे लिहिलं नाही. पण काल सुई टोचताना ती दाराकडे बघत होती. कुणीतरी आत आलं की मान उचलायची आणि मग परत उशीवर टाकायची. असं ताटकळत नको ठेवूया आपण तिला. ये. तिकीट काढलंस की तिला तूच फोन करून सांग, मला ते सांगायला जमणार नाही.

वाट बघणारी आणि तू लवकर येऊ नयेस असंही वाटणारी,
तुझीच
ताई