यार्देनची बाटली

आई, तुझी यार्देन नदी पाहून आलो. पोरीच्या सुट्टीत आम्ही तिघंही गेलो होतो. येशूचा बाप्तिस्मा झाला ती नदी, आणि सांगू का, आपल्या पवनारच्या धाम नदीपेक्षाही बारकी! मातकट पाणी, काठाला लव्हाळं, पलीकडचा माणूस खोकला तरी ऐकू यावा. मला तिथेच हसू फुटलं. बायको म्हणाली, "लोकं प्रार्थना करून राह्यले, तुमी हासून काऊन राह्यले?" तिला काय सांगू? तुझा बाप्तिस्मा धामीतला, याची तुला जन्मभर उगाच खंत. "यार्देन म्हंजे समुद्रावानी असन," असं म्हणत तू नालवाडीच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायचीस.

त्याच स्वयंपाकघरात मी बसलोय, कॉलेजात नुकतीच शिंगं फुटलेली. प्रार्थना न करताच घास उचलतो. तू ताट ओढून घेतेस.

"भाकर कोनं देल्ली?"

"तू."

"आन मले?"

मीही तुझाच मुलगा, उपाशी उठलो. त्यानंतर चर्चमध्ये गेलो तो फक्त नाताळला, केक खायला. तू कधी टोकलं नाहीस. मात्र जेवणाआधी डोळे मिटलेस की एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघायचीस, याने मिटले की नाही ते. शेवटच्या आजारात एवढंच म्हणालीस, "प्रार्थना नाई करत त नको करू. पन कदी तिकडं गेला त यार्देनचं पानी आनजो, माया कबरेवर शिपडजो." तो किलकिला डोळा मला फार छळतो गं.

तर बाटली भरली. बायको सांगत होती, मोठ्या बॅगेत टाका. मी कसला ऐकतोय! आईचं पाणी सामानात कोंबायचं? पोटाशी धरून विमानतळावर आलो आणि तपासणीवाल्याने हसत हसत ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. पाणी आत नेता येत नाही हे साऱ्या जगाला ठाऊक, मला सोडून. पोरगी म्हणाली, "बाबा, आता आजीले काय सांगसान?"

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी बसने पवनारला गेलो, धामीत उतरलो, दुसरी बाटली भरली आणि तुझ्या कबरेवर शिंपडली. मावशीही आली होती. तिने ओली बोटं डोळ्यांना लावली. "पाय माय, यार्देनचं पानी कसं थंडगार हाय!" मी नुसती मान डोलावली. वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. उलट तुझी नदी तुला मिळाली, असं वाटून आनंदच झाला.

हे पत्र तुझ्या बायबलात ठेवतोय, मावशीच्या हाती लागणार नाही असं. खोटं तर तुला कळलंच असेल. पण एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. धामीत गुडघाभर पाण्यात उभा होतो ना, तेव्हा बाटली बुडवण्याआधी मी डोळे मिटले होते. दोन्ही.